सोलापुरातून एमबीए, लॉ, बी.एड. किंवा एम.एस्सी.ला प्रवेश घ्यायचाय? कामाला डिसेंबरातच लागा

घरात पहिल्यांदाच कुणी पदवीधर होणार असेल, तर पुढच्या प्रवेशाबद्दल सांगणारं माणूस घरात नसतं. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळणारी, मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आणि तिला एमबीए करायचंय. घरातले सगळे निकालाची वाट बघत बसतात. निकाल लागतो, पेढे वाटून होतात, आणि मग कळतं की सीईटीचे, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षेचे, अर्ज कधीच बंद झाले, परीक्षाही होऊन गेली. चांगले गुण असूनही तिचं वर्ष जातं, केवळ तारीख कुणी सांगितली नाही म्हणून. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आणि आजूबाजूला विचारायला कुणी नसलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. अक्कलकोट असो, करमाळा असो की जुळे सोलापूर, नियम सगळ्यांना सारखेच आहेत.

आधी दार ओळखा

पदवीनंतरचे सगळे प्रवेश एकाच ठिकाणाहून होत नाहीत, आणि नवख्या मुलांचा पहिला गोंधळ इथेच होतो.

एमबीए, एमसीए, तीन वर्षांचं एलएलबी, बी.एड., एम.एड., बी.पी.एड. यांचा प्रवेश राज्याच्या सीईटी सेलमार्फत होतो. आधी सामायिक परीक्षा, मग ‘कॅप’ म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेऱ्या. एम.टेक.ला गेट आणि एम.फार्म.ला जीपॅट या राष्ट्रीय परीक्षांच्या गुणांना प्राधान्य असतं, पण जागावाटप याच पद्धतीने होतं. दोन वर्षांच्या एमबीएचं शिक्षण सोलापुरातल्या कॉलेजात घ्यायचं असलं, तरी अर्ज त्या कॉलेजात द्यायचा नसतो. तो सीईटी सेलच्या संकेतस्थळावर भरायचा. कॉलेजच्या खिडकीवर चौकशी करून ‘जूनमध्ये या’ असं उत्तर मिळालं म्हणून निश्चिंत राहू नका.

एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.चं दार वेगळं आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ साली स्थापन झालं. फक्त सोलापूर जिल्ह्यासाठीचं हे विद्यापीठ आहे. पुणे महामार्गावर केगावला त्याचा परिसर आहे आणि तिथल्या विभागांना ‘संकुल’ म्हणतात. रसायनशास्त्र संकुल, सामाजिकशास्त्रे संकुल वगैरे. त्याशिवाय संगमेश्वर, दयानंद, वालचंद अशा शहरातल्या कॉलेजांत आणि तालुक्याच्या काही कॉलेजांतही पदव्युत्तर वर्ग चालतात. संगमेश्वर आणि वालचंद तंत्रज्ञान संस्थेसारख्या स्वायत्त संस्थांची वेळापत्रकं स्वतंत्र असतात, तेव्हा विद्यापीठाचं परिपत्रक आणि कॉलेजची सूचना दोन्ही पाहावी लागतात.

तिसरं दार राष्ट्रीय परीक्षांचं. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी, आयआयटीतल्या एम.एस्सी.साठी जॅम, आयआयएमसाठी कॅट. सोलापूरकरांनी इथे एका संस्थेकडे जरूर बघावं: टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा तुळजापूर परिसर. आपल्यापासून तो तासाभराच्या अंतरावर आहे, समाजकार्य आणि ग्रामीण विकासाचं शिक्षण तिथे मिळतं, आणि पदव्युत्तर प्रवेश सीयूईटी-पीजीतून होतो. देवीच्या दर्शनाला दर वर्षी तुळजापूरला जाणाऱ्या घरांतल्या मुलांना ही संस्था ठाऊक नसते, याचं मला फार वाईट वाटतं.

वैद्यकीयची वाट बारावीपासूनच वेगळी होते. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात आणि उरलेल्या राज्याच्या यादीतून. एमडी-एमएसला हे प्रमाण निम्मं-निम्मं असतं. दोन्हीकडे ‘नीट’ला पर्याय नाही. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

पात्रतेत अडकणारे बारकावे

एमबीएला कोणत्याही शाखेची पदवी चालते, पण किमान ५० टक्के लागतात. महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि दिव्यांग उमेदवारांना ४५. बी.एड.लाही साधारण हीच अट आहे. एलएलबीला खुल्या प्रवर्गासाठी ४५, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. इथे ४९.९ म्हणजे ५० होत नाहीत. टक्केवारी दोन दशांशांपर्यंत मोजतात आणि वरची ओढून देत नाहीत.

गुणपत्रिकेवर फक्त सीजीपीए असेल तर त्याची टक्केवारी विद्यापीठाच्या सूत्रानेच काढायची असते आणि तसं प्रमाणपत्र लागतं. मोबाईलवर दहाने गुणून आकडा भरू नका. छाननीत तो आकडा चुकीचा ठरला की अर्ज परत येतो.

मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांनी एलएलबीच्या बाबतीत नीट ऐका. कारखान्यात काम करत यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलेले कितीतरी जण आपल्याकडे आहेत. दहावी, बारावी रीतसर करून मग मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल तर अडचण नाही. बारावी न करता पूर्वतयारी परीक्षेवरून थेट पदवीला प्रवेश घेतला असेल, तर बार कौन्सिलच्या नियमानुसार एलएलबीला पात्र ठरत नाही. सीईटीची फी भरण्याआधीच हे तपासा, कारण सीईटीला बसू दिलं म्हणजे पात्रता मान्य झाली असं होत नाही.

शेवटच्या वर्षाला असताना सीईटी देता येते. मात्र ठरलेल्या तारखेपर्यंत पदवीची गुणपत्रिका दाखवावी लागते. मागच्या सत्राचा एखादा विषय राहिला असेल, तर सीईटीच्या अभ्यासाइतकंच लक्ष त्या विषयाकडे द्या. ९० पर्सेंटाईल मिळवून एका बॅकलॉगमुळे जागा गेली, असं होऊ शकतं.

कागदपत्रं: या भागाला सगळ्यात जास्त वेळ द्या

माझं स्पष्ट मत आहे की आपल्या जिल्ह्यातल्या मुलांचे प्रवेश गुणांपेक्षा दाखल्यांपायी जास्त अडतात. गुण वाढवायला वर्ष लागतं, दाखला काढायला फक्त वेळेवर रांगेत उभं राहावं लागतं. म्हणून डिसेंबरातच सुरुवात करा.

पहिला प्रश्न तुम्ही ‘महाराष्ट्राचे उमेदवार’ ठरता का, हा. तुमचा जन्म कुठला, अधिवास कुठला, दहावी-बारावी आणि पदवी कुठून झाली यावर उमेदवारीचा प्रकार ठरतो. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढ्याची काही मुलं विजयपूर किंवा कलबुर्गीला शिकायला जातात, काही नातेवाइकांकडे हैदराबादला राहून शिकतात. त्यांनी सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेतला उमेदवारी प्रकाराचा तक्ता शब्द न शब्द वाचावा आणि अधिवास प्रमाणपत्र आधीच काढावं. सीमाभागातल्या वादग्रस्त गावांत राहणाऱ्या आणि मराठी मातृभाषा असलेल्या मुलांसाठी उमेदवारीचा स्वतंत्र प्रकार आहे. पलीकडच्या पाहुण्यांच्या मुलांना हे आवर्जून सांगा.

दुसरा प्रश्न आरक्षणाचा. जातीचा दाखला एकटा पुरत नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमांना जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे सगळे ज्याला ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात ते, लागतंच. त्याचा अर्ज ऑनलाइन भरून जिल्हा जात पडताळणी समितीकडे द्यावा लागतो. अनुसूचित जमातींसाठी समिती वेगळी असते. वडील, आजोबा, चुलते यांचे शाळा सोडल्याचे दाखले, जुने प्रवेश-निर्गम उतारे आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र यात महत्त्वाचं. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाला आधी वैधता मिळाली असेल तर काम बरंच सोपं होतं. तेव्हा पहिला फोन काकांना करा.

सोलापुरात यातला एक धागा वेगळा आहे. आपल्याकडच्या कितीतरी पद्मशाली कुटुंबांची मुळं तेलंगणात आहेत. महाराष्ट्रात पद्मशाली समाज विशेष मागास प्रवर्गात, म्हणजे एसबीसीत येतो. पण दाखला मिळवायला कुटुंब ठरावीक तारखेपूर्वीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. इतर मागासवर्ग आणि एसबीसीसाठी ती तारीख १३ ऑक्टोबर १९६७, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. आजोबा महापालिकेच्या तेलुगू शाळेत शिकले असतील, गिरणीत कामाला असतील, घराचा जुना उतारा असेल, तर ते कागद आताच शोधून काढा. शाळांची जुनी रजिस्टरं मिळतात, पण अर्ज केल्या दिवशी मिळत नाहीत.

ओबीसी, एसबीसी, व्हीजे-एनटी (भटके-विमुक्त) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) या सगळ्यांना नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र, लागतं. अनुसूचित जाती-जमातींना ते लागत नाही. याची मुदत ३१ मार्चला संपते, हे मुलांच्या लक्षात येत नाही. जानेवारीत काढलेला दाखला ३१ मार्चलाच संपला, तर जूनच्या छाननीत तो चालणार नाही. प्रवेशाच्या वर्षाच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेला दाखला हवा. ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्रही आर्थिक वर्षाशी बांधलेलं आहे आणि ज्यांना दुसरं कोणतंही आरक्षण लागू आहे त्यांना ते मिळत नाही. हे दोन्ही दाखले एप्रिल उजाडला की नव्याने काढायला टाका. वेळेत दाखला आला नाही तर अर्ज खुल्या प्रवर्गात मोजला जातो. मग मागच्या वर्षीचा कटऑफ बघून केलेले सगळे हिशेब कोलमडतात.

हे दाखले सेतू केंद्रात, महा ई-सेवा केंद्रात किंवा घरबसल्या ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून मागता येतात. उत्पन्न आणि अधिवासाचा दाखला तहसीलकडून, जातीचा आणि नॉन-क्रीमीलेअर प्रांत कार्यालयाकडून. अर्ज कोण मंजूर करणार हे माहीत असलं की चौकशीला कुठल्या टेबलाकडे जायचं ते कळतं. जून-जुलैत या केंद्रांवर झुंबड असते, त्यात आषाढी वारी येते. त्या दिवसांत जिल्ह्याची यंत्रणा पंढरपूरच्या बंदोबस्तात गुंतलेली असते आणि एसटीच्या गाड्याही यात्रेकडे वळवलेल्या असतात. माळशिरस, सांगोला, पंढरपूर भागातल्या मुलांनी वारीच्या आठवड्यावर कोणतंही काम ठेवू नये.

नावाकडेही बघा. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, पदवीवर तिसरं असं आपल्याकडे फार दिसतं. तेलुगू आणि कन्नड घरांत आडनाव आधी की नंतर यावरूनही घोळ होतो. लग्न झालेल्या मुलींनी राजपत्रात नाव बदलून घेतलं असेल तर ती प्रत जोडावी. पदवीनंतर एक-दोन वर्षं काम केलं असेल तर खंड पडल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं, आणि दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्यांना मायग्रेशन, म्हणजे विद्यापीठ बदलण्याचं प्रमाणपत्र.

परीक्षा

सीईटीचे अर्ज साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान निघतात आणि परीक्षा मार्च ते मेमध्ये होतात. नेमक्या तारखा दर वर्षी बदलतात. एमबीएच्या सीईटीची रचना बरीच वर्षं १५० मिनिटांत २०० प्रश्न अशी राहिली आहे. त्यातले ७५ तार्किक विचारावर, ५० गणितावर, ५० इंग्रजीवर आणि २५ आकृत्यांवर. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. मराठी माध्यमाच्या मुलांनी इंग्रजीच्या धास्तीने माघार घेऊ नये. ७५ प्रश्नांचा तार्किक भाग सरावाने जमतो आणि सगळ्यात जास्त वजन त्यालाच आहे. बी.एड.ला इंग्रजी माध्यम निवडणाऱ्यांना इंग्रजीची वेगळी चाचणी द्यावी लागते. पूर्वीच्या काही मुलांनी ती अर्जात निवडलीच नव्हती आणि नंतर इंग्रजी माध्यमाची कॉलेजं मागत बसली. तुम्ही तसं करू नका.

अर्जात मोबाईल क्रमांक आणि ईमेल स्वतःचाच द्या. नेट कॅफेवाल्याच्या क्रमांकावर ओटीपी जात राहिला तर तुमचा अर्ज त्याच्या ताब्यात राहतो.

कॅपच्या फेऱ्या

परीक्षा झाली की प्रवेश झाला, हा सर्रास असलेला समज आहे. सीईटीचा निकाल लागल्यावर कॅपसाठी वेगळी नोंदणी करावी लागते. ती न करणाऱ्याचे ९९ पर्सेंटाईलही वाया जातात. नोंदणीनंतर कागदपत्रांची छाननी होते. ती घरून ऑनलाइन करता येते किंवा सुविधा केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन. घरी चांगलं नेट नसेल, कागद मोबाईलने फोटो काढून चढवावे लागणार असतील, तर मी केंद्रावर जायला सांगेन. समोर बसलेला माणूस चूक तिथल्या तिथे दाखवतो.

मग तात्पुरती गुणवत्ता यादी येते. त्यात आपलं नाव, गुण, प्रवर्ग, उमेदवारीचा प्रकार सगळं डोळ्यांत तेल घालून तपासा. हरकत घ्यायला मोजके दिवस मिळतात. अंतिम यादी लागल्यावर दुरुस्ती जवळपास अशक्य होते.

त्यानंतर ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांची पसंतीक्रमाने यादी. इथे मुलं फार हुशारी करायला जातात. ‘हे कॉलेज मला मिळणारच नाही, मग कशाला टाकू’ म्हणून आवडीचं कॉलेज खाली ढकलतात. संगणक तुमच्या यादीत वरून खाली जातो आणि तुमच्या क्रमांकाला जे पहिलं बसेल ते देतो. वर अवघड कॉलेज टाकल्याने खालचं सोपं कॉलेज हातचं जात नाही. त्यामुळे यादी खऱ्या आवडीच्या क्रमानेच लावा, आणि जिथे जायचंच नाही असं कॉलेज यादीत ठेवू नका.

आवड ठरवताना घरच्यांसोबत बसून खर्च मांडा. सोलापुरात राहून शिकलं तर घरचं जेवण आणि सिटीबसचा किंवा एसटीचा पास. पुण्याला गेलं तर खोलीचं भाडं, मेस, प्रवास. हा फरक दोन वर्षांत कॉलेजच्या फीइतका होऊ शकतो. पुण्याचं कॉलेज खरोखर चांगलं असेल तर जा, मुलगी असेल तरी पाठवा. पण केवळ पुणे आहे म्हणून तिथलं कुठलंही कॉलेज सोलापूर-पंढरपूरच्या चांगल्या कॉलेजच्या वर टाकू नका.

पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचं कॉलेज लागलं तर ती जागा पक्की धरतात आणि तुम्ही पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडता. ती नाकारली तरी पुढे संधी मिळत नाही. म्हणून पहिली पसंती विचार करून टाका. खालची पसंती लागली तर जागा स्वीकारून चांगल्यासाठी पुढच्या फेरीत थांबता येतं, ज्याला ‘बेटरमेंट’ म्हणतात. पुढच्या फेरीत वरचं कॉलेज मिळालं की आधीचं आपोआप जातं. दोन्ही धरून ठेवता येत नाहीत. कितव्या फेरीत कितव्या पसंतीपर्यंत जागा पक्की होते हा नियम अधूनमधून बदलतो, तेवढं पान त्या वर्षीच्या पुस्तिकेत वाचा. जागा लागल्यावर ठरलेल्या दिवसांत कॉलेजात जाऊन हजेरी द्यायची आणि फी भरायची. एक दिवस उशीर झाला तरी जागा जाते.

मॅनेजमेंट कोटा आणि पैशाचं गणित

खासगी विनाअनुदानित कॉलेजांत साधारण २० टक्के जागा संस्था पातळीवर भरल्या जातात. भाषिक किंवा धार्मिक अल्पसंख्याक दर्जा असलेल्या कॉलेजांत त्या समाजासाठी वेगळ्या जागा असतात. सोलापुरात तेलुगू, कन्नड, गुजराती, उर्दू मातृभाषेची आणि जैन, मुस्लिम घरांतली मुलं मोठ्या संख्येने आहेत. कॉलेजला कोणता दर्जा आहे ते बघा आणि आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिलंय तेही बघा. हा मार्ग पूर्ण कायदेशीर आहे आणि पुष्कळांना तो ठाऊकही नसतो.

मॅनेजमेंट कोट्याबद्दल मात्र सावध करतो. ‘कॅपची कटकट कशाला, आपल्याकडे थेट घेऊन टाका’ असं कुणी म्हणालं तर आधी शिष्यवृत्तीचं विचारा. शासनाच्या फी सवलती मिळवायला प्रवेश कॅपमधून झालेला असावा लागतो. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांची निम्मी शिकवणी फी शासन भरतं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार याच उत्पन्नमर्यादेतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण शिकवणी आणि परीक्षा फी माफ आहे. विड्या वळणाऱ्या आईच्या मुलीला एमबीए जवळपास फुकट होऊ शकतं, आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून थेट प्रवेश घेतला तर तीच फी अंगावर पडते. हे नुकसान नंतर कोणत्याही अर्जाने भरून निघत नाही.

कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती संकेतस्थळावर दिसते. त्याहून जास्त देणगी मागणं कॅपिटेशन फीविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. मूळ प्रमाणपत्रं कॉलेजने स्वतःकडे ठेवून घेणं यूजीसीला (विद्यापीठ अनुदान आयोगाला) मान्य नाही. ती दाखवायची आणि परत घ्यायची. अभ्यासक्रमाला मान्यता आहे का तेही बघा: एमबीए-एमसीएला एआयसीटीई, लॉला बार कौन्सिल, बी.एड.ला एनसीटीई, फार्मसीला फार्मसी कौन्सिल.

एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.

इथे धावपळ कमी आहे, पण गाफील राहू नका. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पदव्युत्तर वर्गांना नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. तीन वर्षांची पदवी असेल तर एम.ए., एम.एस्सी. दोन वर्षांचं. चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्यांना ते एका वर्षात पूर्ण करण्याची तरतूद आहे. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. रसायनशास्त्रासारख्या विषयाला जागांपेक्षा अर्ज जास्त येतात, भाषा आणि सामाजिकशास्त्रांना तुलनेने निवांत असतं. पुढे पीएच.डी.चा विचार असेल तर जून २०२४ पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही चालतात, तेव्हा एम.ए.च्या दुसऱ्या वर्षातच नेटचा अर्ज भरा.

कॅपच्या निकालाची वाट बघताना एम.कॉम. किंवा एम.एस्सी.ला प्रवेश घेऊन ठेवायला हरकत नाही. फक्त रद्द करण्याची शेवटची तारीख आधी विचारून घ्या. त्या तारखेच्या आत लेखी अर्ज दिला तर थोडी रक्कम वजा होऊन फी परत मिळते.

आणि प्रवेश पक्का झाला की त्याच आठवड्यात महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरा. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का ते बँकेत जाऊन विचारा, नाहीतर मंजूर झालेली रक्कम जमा होत नाही. दुसऱ्या वर्षी हा अर्ज पुन्हा, नूतनीकरणाच्या रकान्यातून भरावा लागतो. त्यासाठी उत्पन्नाचा ताजा दाखला लागेल, तो पहिल्या वर्षाची परीक्षा संपली की लगेच काढायला टाका.